माणसाची पावती
(उमरखेडला युवकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी मॅट्रिक झालेला माणूस. गोदीत माल उचलतो. वकिली माझ्या सात पिढ्यांत कुणी केली नाही. तरी आज कायद्यावर बोलणार आहे, कारण हा कायदा आमच्या घरात राहून गेलाय.

कायद्याचं नाव प्रत्यार्पण. एका राज्यात गुन्हा करून दुसऱ्या राज्यात पळालेल्या माणसाला पकडायचं आणि पहिल्या राज्याच्या हवाली करायचं. शब्द जड, पंडितांनी घडवलेला. माझी आजी एवढंच म्हणायची, "माणूस थडीवर देऊन येनं."

थडी म्हणजे ही आपली पैनगंगेची. पलीकडे हदगाव, हिमायतनगर, किनवट. आज तो नांदेड जिल्हा, पण १९४८ पर्यंत निजामाचं राज्य. अलीकडे वऱ्हाड, इंग्रजांच्या ताब्यात. आता गंमत बघा. वऱ्हाड १८५३ साली निजामानं इंग्रजांना फौजेच्या खर्चापोटी लावून दिलं. १९०२ साली लॉर्ड कर्झननं ते कायमच्या भाडेपट्ट्यानं घेतलं, वर्षाला २५ लाख रुपये. म्हणजे कागदावर मालक निजामच. पुढं त्याच्या पोराला 'प्रिन्स ऑफ बेरार' अशी पदवीसुद्धा मिळाली. दोन्ही काठ एकाच मालकाचे, पण पोलीस वेगळे, कोर्ट वेगळं, जेल वेगळं. उन्हाळ्यात नदीला गुडघाभर पाणी. तेवढं ओलांडलं की माणूस परमुलखात.

राजेलोकांना याची अडचण व्हायला लागली. १८६७ साली निजाम आणि इंग्रज सरकार यांच्यात तह झाला : तुमचे फरारी आम्ही देऊ, आमचे तुम्ही द्या. मग १९०३ साली हिंदुस्थान सरकारनं प्रत्यार्पणाचा कायदाच केला, त्या सालचा पंधरावा. त्याला यादी जोडली. खून, दरोडा, चोरी, खोटी नाणी पाडणं, असे गुन्हे. त्यातलं सातवं कलम मी पुन्हा पुन्हा वाचलं. संस्थानातला गोरा पोलिटिकल एजंट वॉरंट काढेल, आणि इकडच्या जिल्हा मॅजिस्ट्रेटनं तो माणूस पकडून पाठवून द्यायचा. पुरावा तपासत बसण्याचं बंधन त्याच्यावर नाही. खरोखरचा परदेश असेल, फ्रान्स-जर्मनी, तर मात्र आधी मॅजिस्ट्रेटपुढं चौकशी. आणि त्याच सातव्या कलमात एक छोटीशी सवलत आहे : हे सगळं 'युरोपियन ब्रिटिश प्रजाजन नसलेल्या' माणसासाठी. गोऱ्याला संस्थानाच्या कोर्टापुढं असं उभं करायचं नाही. मनूनं जे संस्कृतात लिहिलं तेच हे इंग्रजीत. वर्ण बघून कलम लावायचं.

याच सुमाराचं दुसरं एक प्रकरण सांगतो. सावरकरांचं नाव काढलं की आपल्यातले काही जण नाकं मुरडतील. मुरडा. त्यांच्या राजकारणाशी माझंही भांडण आहे. पण प्रकरण बघा. १३ मार्च १९१० ला लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनवर त्यांना पकडलं. १८८१ चा फरारी गुन्हेगारांचा कायदा लावला, जो साम्राज्याच्या एका भागातून दुसऱ्या भागात माणूस पाठवायचा. त्या कायद्यात मॅजिस्ट्रेटपुढं पुरावा ठेवावा लागे, पंधरा दिवसांची मुदत मिळे, वरच्या कोर्टात जाता येई. पाठवणं अन्यायाचं, जुलमाचं ठरेल असं वाटलं तर कोर्ट नाही म्हणू शके. सावरकर वरच्या कोर्टात गेले, हरले. मोरिया बोटीतून आणताना ८ जुलैला मार्सेय बंदरात त्यांनी समुद्रात उडी घेतली, किनारा गाठला, आणि फ्रेंच पोलिसानं त्यांना परत इंग्रजांच्या हातात दिलं. त्यावर फ्रान्सनं भांडण काढलं. हेगला पाच लवाद बसले. फेब्रुवारी १९११ मध्ये त्यांनी निकाल दिला की देण्यात चूक झाली खरी, पण परत करायची गरज नाही. अन्यायच झाला. पण अन्याय करायलासुद्धा पाच विद्वान बसवावे लागले. फ्रान्सच्या मातीवर काही पावलं पडली होती, तेवढ्यासाठी.

पैनगंगेच्या वाळूवर किती पावलं पडली असतील?

आता माझ्या घरातलं. माझा पणजा या नदीकाठच्या एका गावात कोतवाल. वऱ्हाडात गावकीची ही कामं महाराच्या गळ्यात. टपाल न्यायचं, साहेबाच्या घोड्यापुढं पळायचं, गावात परका माणूस आला की पाटलाला वर्दी द्यायची, चोराचा माग काढायचा. आमच्या घरात त्याच्या काठीचं मोठं कौतुक. सरकारी माणूस म्हणून. मीही लहानपणी ऐकून छाती फुगवायचो. मग एकदा आजीनं पुढचं सांगितलं.

एक पारधी, त्याची बाई आणि कडेवरचं पोर. नदी ओलांडून आले, गावाबाहेर पाल टाकलं. पणज्यानं पाहिलं, वर्दी दिली. पलीकडून कागद आला की हा बैल चोरून पळालाय. शिपाई आला. शिपायासोबत पणजा. आजीचे शब्द असे : "तुह्या पणज्यानं त्याले भाकर बी देल्ली अन् नेऊन बी देल्लं. बाई ह्या थडीवर बसून रायली, माणूस त्या थडीवर. मंग थो पावती घेऊन आला."

पावती! एक माणूस पोचला, मिळाला. गोदीत आम्ही गोणी उतरवतो तेव्हा टॅली क्लार्क अशीच खूण करतो. गोणी फाटली तर निदान शेरा मारतात. पणज्याला वाचता येत नव्हतं. कागद धोतराच्या सोग्यात बांधून त्यानं पाटलाला नेऊन दिला. त्या पारध्यानं बैल चोरला होता का? आजीला ठाऊक नव्हतं. पणज्यालाही नव्हतं. विचारायची रीतच नव्हती. त्याचं नाव काय होतं, तेही आजीला आठवेना.

हे एका पणज्याचं पाप म्हणून मी सोडून दिलं असतं. पण गुन्हेगार जमातींचा कायदा वाचला आणि झोप उडाली. पहिला १८७१ चा, मग १९११ ला सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानाला लागू होईल असा, मग १९२४ चा. नोंद झालेल्या जमातीचा माणूस पासाशिवाय ठरल्या हद्दीबाहेर सापडला तर त्याला वॉरंट न दाखवता पकडायचं आणि जिथं नेमून दिलंय तिथं परत धाडायचं. चालणं हाच गुन्हा. आणि पकडायचा अधिकार कुणाला? पोलिसाला, आणि गावच्या जागल्याला! ज्याला विहिरीवर पाय ठेवायची बंदी, त्याला माणूस पकडायचा अधिकार. इंग्रजानं खुळ्यासारखं दिलं नाही हे. ज्याच्या हातात दुसरं काहीच नाही त्याच्या हातात काठी दिली की तो ती सोडत नाही.

१९४७-४८ साली रझाकारांच्या वेळी पलीकडून पळालेले लोक, निजामाशी लढणारे कार्यकर्ते याच उमरखेडला तळ ठोकून होते. निजामाच्या लेखी तेही फरारीच. इकडं त्यांना कुणी थडीवर नेलं नाही. उलट भाकरी जमवल्या गेल्या, आणि ते बरोबरच झालं. म्हणजे माणूस हवाली करायचा की नाही हे गावाला ठरवता येतं. पारध्याच्या वेळी आपण ठरवलं नाही एवढंच.

१९५२ च्या ३१ ऑगस्टला गुन्हेगार जमातींचा कायदा गेला. १९०३ चा कायदा जाऊन १९६२ चा आला. आता बँकांचे हजारो कोटी थकवून २०१६ साली विजय मल्ल्या लंडनला गेला, तेव्हा तिथल्या कोर्टानं २०१८ मध्ये भारत सरकारकडं आर्थर रोड जेलच्या बारा नंबर बराकीचा व्हिडिओ मागितला. दुपारचा नैसर्गिक उजेड खोलीत येतो का, ते दिसलं पाहिजे. सरकारनं व्हिडिओ काढून पाठवला. माझं म्हणणं तो उजेड बघू नये असं नाही. बघावा. प्रत्येकासाठी बघावा. त्याच जेलात साध्या आरोपींना रात्री कूस बदलायला जागा नसते, त्यांच्या बराकीचा व्हिडिओ कुठल्या कोर्टानं मागवला?

१९७३ च्या जाहीरनाम्यात पँथरनं दलित म्हणजे कोण ते लिहून ठेवलं. त्यात आदिवासी आले, भूमिहीन आले, कामगार आले, बाया आल्या. ते वाचताना मला त्या थडीवर बसलेली बाई दिसते. तिनं जाहीरनामा वाचला असता तर पहिला प्रश्न माझ्या पणज्याबद्दल विचारला असता. आजही तालुक्यात मोटार चोरीला गेली की गाडी आधी पारधी बेड्यावर जाते. वर्दी कोण देतं? बसलेत इथं काही जण, ज्यांचे काके-मामे कोतवाल आहेत, पोलीस पाटील आहेत. रागावू नका. मी माझ्या पणज्याचं सांगूनच तुमच्याकडं आलोय.

सभा झाल्यावर मी बेड्यावर चाललोय. तिथल्या म्हाताऱ्यांना विचारायचंय, नदीपलीकडं दिलेल्या माणसाची आठवण कुणाच्या घरात राहिलीय का. नाव तरी कळेल. ज्याला यायचंय त्यानं सोबत या, काठी घरी ठेवून.