वैमानिकाची घडीची बंदूक

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन वायुदलाने निर्जन हिमप्रदेशांत उतरावे लागणाऱ्या वैमानिकांसाठी एम-६ नावाची दुनळी बंदूक करविली. वरच्या नळीत .२२ हॉर्नेटची गोळी, खालच्या नळीत .४१० चे छर्ऱ्यांचे काडतूस. नळ्या अवघ्या १४ इंचांच्या. ती मधोमध दुमडते. दस्त्याच्या पोटात ९ गोळ्या व ४ काडतुसे मावतात. एवढ्यावर किती दिवस काढावयाचे, कोण जाणे! नेम चुकला की उपवास. मला कौतुक वाटते ते तिच्या चापाचे. तशा थंडीत हातमोजा काढावा, तर बोटे गमावण्याचे भय. म्हणून तेथे लांब पट्टी बसविली. मोज्यासकट सबंध पंजाने ती दाबावयाची. शस्त्र खरे, परंतु ते मुख्यतः ससा वा पाखरू मारून, सुटका करणारे येईतो प्राण धरून राहण्यासाठी.