छापखाना आपल्या हातात

(तरुण कार्यकर्त्यांच्या वर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पोस्टर काढायचं ठरलं की आपली पोरं वर्गणी जमवतात आणि छापखान्याची पायरी चढतात. तिथं मालक मजकूर वाचतो, चष्म्यावरून आपल्याकडं बघतो आणि म्हणतो, "ही ओळ काढा, मग छापतो." पुष्कळदा तीच ओळ म्हणजे सगळं पोस्टर असतं. म्हणून आज भाषण कमी, काम जास्त. लाकडी चौकट, हात-दीड हात जाळी आणि रबराची स्क्वीजी, एवढ्यावर छापखाना उभा राहतो.

जाळी पॉलिएस्टरची घ्या. कापडावर छापायला इंचाला ११० च्या आसपास धागे, कागदावर बारीक अक्षर हवं तर २०० च्या वर. चौकटीवर ती हलगीसारखी ताणायची. बोटानं टिचकी मारली की वाजली पायजे. हलगी कशी ताणतात ते आपल्याला कुणी शिकवायला नको. ढिली जाळी छापत नाही, नुसती फासते.

थोड्याच प्रती हव्या असतील तर बटर पेपर कापून जाळीखाली ठेवा, पहिल्याच शाईनं तो चिकटतो. पुठ्ठ्याच्या स्टेन्सिलनं 'बाबासाहेब' लिहायला जा, तिन्ही 'ब'च्या पोटातले तुकडे गळून पडतात. त्यांना मधे पट्ट्या ठेवाव्या लागतात. जाळीवर तेच तुकडे शाईनं जागच्या जागी चिकटून राहतात.

जास्त प्रतींना इमल्शन. अंधाऱ्या खोलीत, पिवळ्या दिव्यात पातळ थर द्या, वाळू द्या. ट्रेसिंगवर गडद काळ्यानं काढलेलं चित्र त्यावर ठेवा, वर काच, मग उजेड. उजेड लागला तिथं थर कडक होतो. काळ्याखालचा मऊ राहतो आणि पाण्यानं धुऊन जातो. वेळ किती द्यायचा? एकाच जाळीवर पट्टी-पट्टीनं वेगळा वेळ देऊन बघा. कमी पडला तर सगळाच थर वाहून जातो. जास्त झाला तर अनुस्वार उघडत नाही, आणि आपल्या लिपीत 'रंग'चा 'रग' व्हायला वेळ लागत नाही.

छापताना चौकटीच्या कोपऱ्यांखाली एकेक नाणं सरकवा, म्हणजे जाळी कागदाला शाई देऊन लगेच सुटते. स्क्वीजी थोडी आपल्याकडं कलती धरून एका दमात ओढा. मधेच थांबलात की आडवी रेघ उमटते. दोन रंग असतील तर फिका आधी, काळा शेवटी. कागद दर वेळी त्याच जागी बसावा म्हणून टेबलावर कडेला पुठ्ठ्याचे तीन तुकडे चिकटवा. निळ्या झेंड्यावर पांढरी शाई एका हातात भरत नाही. पहिला हात वाळवा, मग दुसरा मारा.

आता नीट ऐका. जुन्या पद्धतीच्या इमल्शनमध्ये बायक्रोमेट असतं. ते विष आहे. कातडीला जखमा करतं, कॅन्सर करतं. डायझोचं किंवा तयार फोटोपॉलिमर इमल्शन घ्या, हातमोजे घाला. उरलेलं रसायन आणि शाई गटारात ओतू नका. हातानं मैला उपसायला लावण्यावर बंदी घालणारा कायदा २०१३ साली झाला, तरी माणसं गटारात उतरवली जातातच. तो उतरणारा कोण असतो, ते मी सांगायला नको. आपल्या पोस्टरचं विष आपल्याच भावाच्या अंगावर जाता कामा नये.

चित्र कसं काढायचं? एमरी डग्लसकडं बघा. १९६७ पासून तो ब्लॅक पँथरच्या वर्तमानपत्रात चित्रं काढत होता. १९७२ ला मुंबईत दलित पँथरनं नाव घेतलं ते याच पँथरवरून. जाड काळी रेघ आणि परवडेल तेवढा एखादा सपाट रंग. गरिबीतूनच त्यानं शैली काढली. जाड रेघ जाळीलाही सोसते आणि रस्त्यापलीकडूनही दिसते.

कुणी म्हणेल, मोबाइलवर पोस्टर फुकट फिरतं, मग ही उस्तवार कशाला? मोबाइलवरचं आपल्याच लोकांना दिसतं. भिंतीवरचं, ज्याला ते नको असतं त्यालाही बघावं लागतं. बोट्स्वानातल्या गॅबोरोनमधून 'मेडू' या गटानं वर्णद्वेषाविरुद्धची पोस्टरं स्क्रीनवर छापली. १४ जून १९८५ ला दक्षिण आफ्रिकेचं सैन्य सीमा ओलांडून आलं आणि त्या गटातला चित्रकार थामी म्न्येले याला ठार मारलं. बंदुकवाल्यांना शाईची किंमत कळते. आपल्याला कधी कळणार?

दोन चौकटी ताणून आणल्यात. बाह्या वर करा आणि टेबलाजवळ या. कुठली ओळ ठेवायची ते आता आपण ठरवू.