जुनं लुगडं, नवं कापड
(प्रभाग संघाच्या वार्षिक सभेत गोधड्या शिवणाऱ्या एका सदस्य ताईंनी केलेले भाषण)



मला म्हणाले, तुमच्या गोधडीच्या कामात तुम्ही कशा पुढं गेलात ते सांगा. मी आधी नुकसानीचं सांगते, कारण खरी शिकले ती तिथंच.

गोधडी मला सासूबाईंनी शिकवली. खाली-वर जुनं नऊवारी लुगडं, आत घरातल्या जुन्या कापडाचे थर, आणि कडेपासून आत आत धावदोरा घालत जायचं. माप हातानं नि वितीनं. गोधडी विकायची असते हेच मुळात त्यांना पटत नव्हतं. लेकीच्या बाळंतपणाला द्यायची वस्तू ती!

पुढं सुती लुगडी मिळेनाशी झाली. आता आपण सगळ्या सिंथेटिक साड्या नेसतो, त्या घाम शोषत नाहीत. म्हणून गटातून पाच हजार कर्ज काढलं आणि नवं सुती कापड आणलं. शहरातून आठ बाळगोधड्यांची ऑर्डर होती. शिवल्या सुरेख. पण पहिल्याच धुण्यात लाल रंग पांढऱ्यावर उतरला, कापड आटलं ते वेगळंच. आठच्या आठ परत आल्या.

वीस वर्षं हातात सुई, आणि मला गोधडी येत नाही? त्या रात्री लई रडले. नंतर डोक्यात उजेड पडला. जुनं लुगडं आपल्या हातात यायचं तेव्हा शंभर वेळा धुतलेलं असायचं. आटायचं ते आटलेलं, रंग जायचा तो गेलेला. नेसणारीनं आपलं निम्मं काम आधीच केलेलं असायचं! नव्या कापडाचं ते काम आता आपल्यावर आलं.

आता कापायच्या आधी एकेक रंग वेगळा भिजवते. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुते, सावलीत वाळवते. ज्याचा रंग थांबतच नाही ते कापड बाजूला. यात दोन दिवस जातात, त्यांची मजुरी भावात धरते. दुकानात ओला रुमाल घेऊन जाते, कापडाचा कोपरा चोळून बघते. दुकानदार वैतागतो. वैतागू दे.

मशीनवर शिवा, असं पुष्कळ जणी सांगतात. कडा मी मशीनवर मारते, पण मधला धावदोरा हाताचाच. कारखान्याच्या रजईशी भावात मी पुरी पडणार नाही. माझ्याकडं गिऱ्हाईक येतं ते टाक्यासाठी.

कर्ज फिटायला चौदा महिने लागले. माझे हप्ते पुढं ढकलायचे ठरले तेव्हा मीटिंगमध्ये केवढं भांडण झालं! सगळ्यात जोरात भांडलेली बाई पुढच्याच रांगेत बसलीय. आता ती माझ्याबरोबर कापड धुते.

सध्या गोधडीचं जाकीट शिवायला घेतलंय. काखेत काही केल्या बसत नाही. कुणाला ब्लाऊज नीट बेतता येत असेल, तर सभा झाल्यावर जरा थांबा.