शाळेंतील खोटे कागद
(खेड्यांतील पालकांच्या सभेंत एका प्राथमिक शिक्षकानें केलेलें भाषण)

शेतकरी, माळी, सुतार, लोहार, कुंभार, चांभार बंधूंनो आणि मायबहिणींनो,

शाळेच्या प्रगतीवर चार शब्द बोला, असें आम्हांस सांगण्यांत आलें. प्रगतीचीं भाषणें तुम्हीं पुष्कळ ऐकलीं आहेत, व तीं ऐकतां ऐकतां कित्येकांस डुलकीहि लागली आहे. म्हणून आज आम्ही शाळेंतील खोटेपणाविषयीं बोलणार आहों. हें बोलणें आमच्याच पेशाच्या बंधूंस झोंबेल. झोंबो.

खोटा कागद म्हणजे काय, हें तुम्हांस समजावून सांगण्याची गरज नाहीं. तुमच्या वाडवडिलांनीं तो भोगला आहे. सावकार लिही आणि कुळ अंगठा उठवी; शंभराचे तीनशें केव्हां झाले हें जमीन गेल्यावर कळे. १८७५ सालीं पुणें जिल्ह्यांत सुपें येथें शेतकरी उठले, तेव्हां त्यांचा रोख सावकाराच्या खतांवर व रोख्यांवर होता. तींच त्यांनीं जाळलीं. आपल्या नांवावर काय लिहिलें आहे तें रयतेच्या पोराला वाचतां यावें, ह्यासाठीं तर जोतीराव फुल्यांनीं जन्मभर शाळेचा आग्रह धरला. आणि आतां त्याच शाळेंत आपल्या पोराच्या नांवें खोटा कागद होऊं लागला, तर त्याला काय म्हणावें?

पहिला कागद गुणपत्रिकेचा. दहावीला भाषा व सामाजिक शास्त्रें ह्या विषयांचे १०० पैकीं २० गुण शाळेनें आपल्या हातानें द्यावयाचे असतात. २०१८ सालीं महाराष्ट्रांत दहावीचा निकाल ८९.४१ टक्के लागला. पुढच्या वर्षीं हे २० गुण सरकारनें काढून घेतले. निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. ओरड झाली, गुण परत आले, आणि २०२० चा निकाल झाला ९५.३० टक्के! २०२१ सालीं महामारीमुळें परीक्षाच झाली नाहीं, शाळांनीं दिलेल्या गुणांवरच निकाल लागला; तो ९९.९५ टक्के. आतां न्यायानें बोलावयाचें तर २०१९ सालीं पुस्तकेंहि नवीं होतीं, व २०२० सालीं भूगोलाचा पेपर रद्द होऊन त्याचे गुण सरासरीनें द्यावे लागले. पण पोरें एका वर्षांत मठ्ठ झालीं आणि दुसऱ्या वर्षीं पंडित झालीं, असें कोणी म्हणेल काय? पोरें तींच होतीं. फरक बहुतेक आम्हां मास्तरांच्या लेखणींत होता.

तुम्ही म्हणाल, गुरुजी, चार गुण जास्त दिले तर तुमच्या बापाचें काय गेलें? आमचें कांहीं गेलें नाहीं. गेलें तें तुमचें. पैसेवाल्याच्या मुलास घरीं शिकवणी असते. त्यास फुकटचे गुण मिळाले काय नि न मिळाले काय, त्याचें अडत नाहीं. तुमचा मुलगा तो कागद घेऊन शहरांत जातो, पुढच्या वर्गांत बसतो, आणि पहिल्या महिन्यांतच त्यास कळतें कीं आपणांस चार ओळी नीट लिहितां येत नाहींत. तेव्हां तो मास्तरास दोष देत नाहीं, स्वतःस देतो. माझंच डोकं नाहीं, म्हणतो, आणि गुपचूप गांवीं परत येतो. अशीं पोरें आम्हीं पाहिलीं आहेत. त्यांच्या तोंडाकडे बघवत नाहीं.

परीक्षेच्या दिवसांत तर कांहीं गांवांतून जत्राच भरते. कोणाचा मामा भिंतीवर चढलेला, कोणाचा चुलता खिडकीशीं चिठ्ठी घेऊन उभा. कॉपी रोखण्याचा कायदा १९८२ पासून आहे. पण चिठ्ठी पोंचविणारा जर पंचायतीचाच माणूस असेल, तर कायदा कोणी दाखवावा? मास्तरानें दाखविला तर त्याच्या बदलीचा अर्ज संध्याकाळपर्यंत तयार! आमच्याकडेहि बाप माणसें येतात, हात जोडतात. "गुरुजी, पोराचं वर्ष वाया जाऊं देऊं नका, जरा सांभाळून घ्या." आम्ही त्यांस एवढेंच विचारतों, कीं दादा, बियाणें पोचट निघालें तर दुकानदारास तुम्ही सांभाळून घेतां काय?

पण ह्या खोलींत आणखी एक जीव बसलेला असतो, त्याचा विचार कोणी करीत नाहीं. एखादी मुलगी. धुणींभांडीं उरकून दिव्याखालीं अभ्यास केलेली. मागच्या बाकावरील मोठ्या घरचा मुलगा तिच्या पाठींत पेन टोंचून उत्तरें मागतो. तिचा बाप त्याच घरच्या रानांत मजुरीला जातो. दाखवावें तर मन खातें. न दाखवावें तर उद्यां बापाचें काम जाईल. तिला खरेपणाचे धडे देणें सोपें आहे. तिच्या मागच्या पोरास उठवून दुसरीकडे बसविणें, हें मास्तराचें काम. आणि तें केल्यावर मास्तराच्या मागें उभें राहणें, हें तुमचें.

दुसरा कागद हजेरीचा. ऑक्टोबर २०११ मध्यें राज्यभर एकाच वेळीं पटपडताळणी झाली. एकच पोर दोन शाळांत मोजलें जाऊं नये म्हणून बोटांस शाई लावावी लागली! पटावरचीं लाखों मुलें वर्गांत सांपडलीं नाहींत. ह्यांत काय मोठेंसें बिघडलें, असें वाटेल. हिशेब करा. पहिली ते पांचवीच्या मुलामागें दुपारच्या जेवणास रोज १०० ग्रॅम धान्य धरतात. दहा खोटीं नांवें म्हणजे रोज एक किलो. वर्षाचे २०० दिवस धरले तर दोन क्विंटल. आपल्या अर्ध्याअधिक पोरांच्या ताटांतील वरण पातळ कां, ह्याचें उत्तर कधीं कधीं तेथें असतें.

धान्य तरी भरून येईल. बीडकडून दिवाळीच्या सुमारास कोयते उसाला निघतात, त्यांबरोबर पोरेंहि जातात. मास्तर पट टिकावा म्हणून रोज "हजर" मांडीत राहिला, तर तें पोर सरकारी दप्तरीं वर्गांत बसलेलें आणि प्रत्यक्षांत फडांत वाढे गोळा करीत असलेलें. जें हजर आहे त्याला शोधावयास कोण जाईल? मागें राहणाऱ्या पोरांसाठीं हंगामी वसतिगृहें असतात. पण गरज आहे हें कागदावर दिसल्याशिवाय तीं उघडत नाहींत. खोट्या हजेरीनें पोर नुसतें मोजण्यांतून नव्हे, शोधण्यांतूनहि जातें.

छडीविषयीं व शिकवणीविषयीं फार बोलत नाहीं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें मुलास मारणें बंद केलें आहे, आणि मास्तरानें खाजगी शिकवणी घेणेंहि. वर्गांत अर्धें शिकवून उरलेलें घरीं पैसे घेऊन शिकविणारास आम्ही मापांत मारणारा वाणीच समजतों. मात्र एक गोष्ट तुमच्या घरची आहे ती सांगतों. शाहू महाराजांनीं अस्पृश्य मुलांच्या वेगळ्या शाळा १९१९ सालींच बंद करून सर्वांस एकत्र बसविलें. असें असतां, शाळेंत जेवण कोणी शिजविलें हें विचारून पोराला डबा बांधून देणारी माणसें अजून निघतात. वर्ग झाडण्यास ठराविक आळीचींच पोरें उठविणारा मास्तरहि निघतो. आम्ही झाडण्याची पाळी हजेरीच्या क्रमानें लावली आहे. पाटलाच्या नातवाची येत्या बुधवारीं आहे.

त्याच कायद्यानें शाळा व्यवस्थापन समिति तुमच्या हातीं दिली आहे. तिच्यांत तीन चतुर्थांश माणसें पालकांतील, व निम्म्या बाया, असें कलमच आहे. ही समिति बहुतेक ठिकाणीं सहीपुरती जमते. सहीचें पुस्तक घरोघर फिरतें व चहा पिऊन परत येतें. आमच्या शाळेंत असें होऊं देणार नाहीं. येत्या शनिवारीं बाजार उरकल्यावर चार वाजतां समिति बसेल. हजेरीचा पट, धान्याची नोंदवही आणि मुलांच्या उत्तरपत्रिका टेबलावर मांडून ठेवूं. ज्यांस वाचतां येत नाहीं त्यांनीं आपली लेक बरोबर आणावी. ती वाचून दाखवील.