नाव कळले तर उपाय कळेल



पिकावर अळी दिसली की आपला पहिला प्रश्न असतो, ‘कोणते औषध मारू?’ त्याच्या आधी आणखी एक प्रश्न विचारायला हवा, ‘ही अळी नेमकी कोणती?’ आज त्याविषयीच थोडे बोलणार आहे.

कपाशीवर जिला आपण हिरवी किंवा अमेरिकन बोंडअळी म्हणतो, तीच तुरीवर शेंगा पोखरणारी अळी, टोमॅटोवर फळे पोखरणारी अळी आणि हरभऱ्यावर घाटेअळी म्हणून ओळखली जाते. नावे चार, पण कीड एकच! याउलट ‘लष्करी अळी’ हे एकच नाव आपण निरनिराळ्या अळ्यांना देतो. ज्वारी-मक्यावरची जुनी लष्करी अळी वेगळी, सोयाबीनची पाने खाणारी वेगळी आणि २०१८ साली कर्नाटकात प्रथम आढळून नंतर आपल्याकडे मक्यावर आलेली अमेरिकन लष्करी अळी आणखी वेगळी.

हा घोटाळा टाळण्यासाठी शास्त्रज्ञ प्रत्येक सजीवाला दोन शब्दांचे नाव देतात. स्वीडनचे शास्त्रज्ञ कार्ल लिनियस यांनी १७५३ साली वनस्पतींसाठी आणि १७५८ साली प्राण्यांसाठी ही पद्धत रूढ केली. घाटेअळीचे शास्त्रीय नाव हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा. यातील पहिला शब्द प्रजातीचा, म्हणजे आडनावासारखा. दुसरा जातीचा, म्हणजे व्यक्तीच्या नावासारखा. आपण बियाण्याची ‘जात’ म्हणतो तो मात्र वाण होय. एकाच जातीत अनेक वाण असू शकतात.

पत्रावर आपण देश, राज्य, जिल्हा, तालुका, गाव, आडनाव आणि नाव लिहितो, तसाच सजीवांचाही पत्ता असतो. घाटेअळीचा पत्ता असा : प्राणिसृष्टी, संधिपाद संघ, कीटक वर्ग, खवलेपंखी गण, नॉक्टुइडी कुळ, हेलिकोव्हर्पा प्रजाती, आर्मिजेरा जाती. जुन्या पुस्तिकांत हिचे नाव हेलिओथिस आर्मिजेरा असे आढळेल. अभ्यासाअंती तिची प्रजाती बदलली, म्हणून आडनाव बदलले. कीड तीच आहे.

आता याचा शेतात उपयोग काय, ते पाहू.

पहिला उपयोग औषधाच्या निवडीसाठी. घाटेअळीवरील विषाणू एच.ए.एन.पी.व्ही. या नावाने मिळतो. त्यातील एच.ए. ही हेलिकोव्हर्पा आर्मिजेराची आद्याक्षरे आहेत. सोयाबीनवरील स्पोडोप्टेरा लिट्युरा या अळीसाठी तो फवारला तर पैसे वाया जातील. कामगंध सापळ्यातील ल्यूरचेही तसेच आहे. लिट्युराचे ल्यूर मक्यावरील स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डासाठी चालत नाही. आडनाव एक असले तरी नाव वेगळे आहे.

दुसरा उपयोग औषध आलटून पालटून वापरण्यासाठी. हेलिकोव्हर्पाचे पतंग कपाशीवरून तुरीवर आणि हरभऱ्यावर जातात. कीड वेगळी समजून आपण तिन्ही पिकांवर एकच कीटकनाशक मारत राहिलो, तर त्याला दाद न देणाऱ्या अळ्या उरतात आणि त्यांचीच वीण वाढते.

तिसरा उपयोग पिकांच्या फेरपालटासाठी. टोमॅटो, वांगी, मिरची आणि बटाटा ही सोलॅनेसी या एकाच कुळातील पिके आहेत. टोमॅटोत जिवाणूजन्य मर रोग आलेल्या रानात लगेच वांगी लावणे म्हणजे रोगाला घरचेच जेवण वाढणे. अशा ठिकाणी ज्वारी किंवा मका घ्यावा.

ओळख पटवण्यासाठी एक खूण सांगतो. मक्याच्या पोंग्यातील मोठी अळी नीट पाहा. डोक्यावर इंग्रजी वाय अक्षराची उलटी खूण आणि शेपटाकडून दुसऱ्या खंडावर चौकोनात चार काळे ठिपके असतील, तर ती अमेरिकन लष्करी अळी. ती पोंग्यात लपून खाते, म्हणून फवारा पोंग्यातच पडला पाहिजे.

ओळख पटली नाही तर अंदाजाने फवारू नका. चार-पाच जिवंत अळ्या त्याच पिकाच्या पानांसह भोके पाडलेल्या डबीत घ्या, पिकाचे नाव व तारीख लिहा आणि जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. तेथे किडीचे शास्त्रीय नाव विचारून वहीत लिहून ठेवा. पुढच्या हंगामात दुकानात गेल्यावर औषधाच्या लेबलवर तेच पीक आणि तीच कीड आहे का, हे पाहूनच खरेदी करा.