कॉर्वेटची अश्वशक्ती

उज्जैनच्या फ्रीगंजातील टावर चौकात घड्याळाच्या मनोऱ्याला वळसा घालणारी मोटार किती धावते, हे कोणी विचारीत नाही. ती वेळेवर थांबली म्हणजे झाले. अमेरिकेच्या शेव्हरोले कॉर्वेटला चारही चाकांचे डिस्क ब्रेक मिळाले ते मात्र बारा वर्षांनी, १९६५ साली! १९५३ मध्ये ती अवतरली तेव्हा रूप शर्यतीच्या मोटारीचे, पण इंजिन सहा सिलिंडरांचे, १५० अश्वशक्तीचे आणि गिअर अवघे दोन. १९५५ मध्ये आठ सिलिंडर आले; १९५७ मध्ये शक्ती २८३ पर्यंत चढली.

१९७५ मध्ये साध्या नमुन्याची शक्ती १६५ वर उतरली. धूरनियंत्रणाचे कायदे हे एक कारण होय; पण मोजण्याची रीतही १९७२ पासून बदलली होती. पूर्वी इंजिन मोकळेच मोजीत, नंतर सर्व उपांगांसह मोजू लागले. जुने आकडे तेवढे फुगलेलेच समजावेत.

२०२० च्या नमुन्यात इंजिन चालकाच्या पाठीमागे गेले, शक्ती ४९० झाली. झोरा आर्कस-डुंटॉव्ह या अभियंत्यांनी हाच आग्रह अनेक वर्षे धरला होता. ते १९९६ मध्येच निवर्तले.