संशोधन-निबंध आणि ग्रंथालय



एकाच पुस्तकावरून उतरविलेला निबंध ही नक्कल होय, संशोधन नव्हे. सुपे येथील १८७५ चा शेतकऱ्यांचा उठाव हा विषय घ्या. कोशातून त्याची रूपरेषा समजून घ्यावी, मग शं. ग. दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’तून व ग्रंथालयाच्या विषयवार तालिकेतून जुने ग्रंथ शोधावेत. १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटियरात सरकारी बाजू आढळेल, तर महात्मा फुले यांच्या १८८३ मधील ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये शेतकऱ्याची व्यथा. या दोहोंचा मेळ जेथे बसत नाही, तेथेच तुमचा प्रश्न जन्म घेतो. प्रत्येक टिपणाखाली ग्रंथ, आवृत्ती व पृष्ठांक तत्काळ नोंदवा. अडल्यास ग्रंथपालांना निःसंकोच विचारा.

न वाचता आलेल्या कर्जखतांवर आपल्या पूर्वजांनी अंगठे उठविले. त्यांचा इतिहास लिहिताना तरी मूळ कागद स्वतः वाचा.